सुप्याचा बाजार आणि मँचेस्टरची सभा



तुमच्यापैकी अनेकांच्या टेबलावर सामान्य ज्ञानाचं एखादं जाडजूड पुस्तक असेल. त्यात जगाच्या इतिहासाच्या प्रकरणात एक प्रश्न हमखास सापडतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध कधी झालं? उत्तर, 1861 ते 1865. एक गुण. मी आयुष्यभर इतिहास शिकवला आणि हा प्रश्न मीही विचारत आलो. त्या एका गुणाच्या उत्तरात किती माणसं राहतात, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

12 एप्रिल 1861 रोजी दक्षिण कॅरोलिनातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. दक्षिणेची राज्यं गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटली होती. अमेरिकेत तेव्हा जवळपास 40 लाख माणसं गुलाम होती आणि दक्षिणेचा कापूस त्यांच्याच घामावर पिकत होता. राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या सरकारनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथूनच जाई. तो अडला, आणि लिव्हरपूलचे व्यापारी मुंबईकडे वळले.

मुंबईत पैशाचा पूर आला. खानदेश-वऱ्हाडचा, गुजरातचा, धारवाडचा कापूस मिळेल त्या भावानं उचलला जाऊ लागला. लोकांनी गाद्या उसवून जुना कापूस विकला असं सांगतात. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन काढायच्या बॅक बे कंपनीच्या शेअरसाठी झुंबड उडाली. प्रेमचंद रायचंद या बाजाराचे राजे होते. त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या पैशातून पुढे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभे राहिले. याच काळात, 1862 मध्ये, मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे आणि भांडारकर त्यांच्यात होते. म्हणजे आपल्याकडच्या दीक्षान्त समारंभांची सुरुवातही त्याच युद्धाच्या सावलीत झाली.

आता इंग्लंडमध्ये चला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडत होत्या, चूल पेटणं मुश्कील झालं होतं. आपला आखूड धाग्याचा कापूस त्यांच्या यंत्रांवर सारखा तुटे, त्यामुळे काम होतं तिथेही मजुरी बुडे. नाकेबंदी मोडा, दक्षिणेला मान्यता द्या, असं म्हणणारे पुष्कळ होते. पोट जाळणाऱ्या माणसानं तेच म्हटलं असतं तर त्याला दोष कोण देणार? पण 31 डिसेंबर 1862 च्या रात्री मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगार जमले. गुलामगिरी संपवणाऱ्यांच्या बाजूनं आपण उभे आहोत, असं पत्र त्यांनी लिंकनला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी, 1 जानेवारी 1863 ला, लिंकनची गुलामांच्या मुक्तीची घोषणा अमलात आली. कामगारांना त्यानं 19 जानेवारीला उत्तर लिहिलं. त्यांनी सोसलेलं दुःख त्याला ठाऊक होतं आणि त्यांच्या धैर्यापुढे त्यानं मान लववली.

सगळा लँकेशायर असा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. कुठलाच समाज एका आवाजात बोलत नाही. म्हणून तर त्या सभेतल्या माणसांची किंमत मला जास्त वाटते. समुद्रापलीकडच्या, कधीही न पाहिलेल्या माणसांच्या साखळ्या तुटाव्यात म्हणून ती उपाशी राहायला तयार झाली.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. ही बातमी पोचल्यावर मुंबईत कापूस कोसळला, शेअर कोसळले, प्रेमचंदांचं दिवाळं निघालं, बँक ऑफ बॉम्बेही वाचली नाही. शहर काही वर्षांत सावरलं. खेड्याला ते जमलं नाही. चढ्या भावाच्या भरवशावर सावकारांनी सढळ हातानं दिलेलं कर्ज डोक्यावर राहिलं, नवं कर्ज मिळेना. वर 1867 पासून पुणे जिल्ह्यात जमीन महसुलाची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. कापूस हे एकमेव कारण नव्हतं, पण त्याचा हात त्यात होता. 12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. माणसांना त्यांनी फारसं मारलं नाही. त्यांना कर्जखतं हवी होती, हिशेबाच्या वह्या हव्या होत्या. त्या बाहेर काढून त्यांनी जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

सम्टरच्या तोफा आणि सुप्यातली जळती कर्जखतं मी कितीदा तरी एकाच पुस्तकातल्या वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवली. ती जोडून दाखवायला मला फार उशीर झाला, याची खंत आहे.

त्या युद्धाची आपल्या समाजाशी जोड त्या काळीच पाहणारा एक माणूस पुण्यात होता. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये प्रसिद्ध झालं. ते त्यांनी अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्यांच्यापुढे कोणती स्पर्धा परीक्षा नव्हती, कोणता गुण मिळायचा नव्हता. दूरच्या त्या युद्धाची हकिकत त्यांनी वाचली आणि तिच्या उजेडात आपल्या गावकुसाबाहेरचा माणूस पाहिला. जगाचा इतिहास मराठीत याहून चांगला कुणी वाचलेला मला ठाऊक नाही.

मित्रांनो, परीक्षा द्या, सनावळ्या पाठ करा, त्या लागतातच. पण सुट्टीत घरी गेलात की आजोबांच्या ट्रंकेतलं एखादं जुनं गहाणखत किंवा फेरफाराचा उतारा काढून बघा. त्यावरचं साल वाचा. त्या साली जगात कुठे युद्ध चाललं होतं, आपल्या शिवारातलं पीक कुठल्या बंदरात काय भावानं विकलं जात होतं, ते शोधा. आणि जे सापडेल ते तुमच्या गावच्या शाळेतल्या मुलांना जाऊन सांगा.