उभ्या झाडालाही भाव हवा
(स्वागताध्यक्षीय भाषण)

दापोलीच्या कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ, आणि भातकापणी आटोपून, झोडणी घरच्यांवर टाकून इथवर आलेल्या शेतकरी बंधुभगिनींनो,

रत्नागिरीत आपलं स्वागत. हापूसच्या गावी नोव्हेंबरात बोलावलं म्हणजे आंब्याची आशा नाही, ही यजमान म्हणून आमची पहिली अडचण. नव्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि सोलकढी एवढ्यावर आपल्याला भागवून घ्यावं लागेल.

शेतीचं उत्पन्न वाढवायचं आणि तिच्यातून होणारं कार्बन उत्सर्जन घटवायचं, हा परिषदेचा विषय. तो जाहीर झाला तेव्हा आमच्याकडे पहिला प्रश्न आला, "वाढवायला शेती उरली आहे कुठे?" प्रश्न खोचक आहे, पण खोटा नाही. तरणी माणसं मुंबईला, लावणीला गडी मिळत नाहीत, पेरलेलं माकडं आणि रानडुकरं खातात. खाचरंच्या खाचरं पड आहेत. पड खाचरातून मिथेन फारसा निघत नाही, हे खरं. पण आपण खातो तो तांदूळ मग दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात पिकतो आणि ट्रकने घाट उतरून येतो. म्हणून हिशेब एकराचा मांडू नका, किलोभर तांदळाचा मांडा.

भातखाचरात पाणी तुंबलं की मातीत हवा शिरत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवणारा. पुस्तकी उपाय असा की खाचरातलं पाणी अधूनमधून सोडून द्यावं. कालव्याच्या मुलखात हे जमेल. इथे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून-जुलैत. तेव्हा खाचर सुकवायचं की नाही हे शेतकऱ्याला कोण विचारतो? आपल्या हातात आहे ते हळवं बियाणं. जे भात लवकर निसवतं ते पाण्यात कमी दिवस उभं राहतं. शिरगावच्या संशोधन केंद्राने भाताची अनेक वाणं दिली आहेत. ती निवडताना आता हाही विचार व्हावा.

पद्धत बदलणारं मोठं काम शेजारच्या रायगड जिल्ह्यात झालं. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र बसवलं. गादीवाफे एकदाच करायचे, त्यांवर भात टोकायचा आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. तरवाच नाही म्हटल्यावर राब भाजायचं कारण उरत नाही, म्हणजे कवळासाठी झाडांचे हात तोडणंही थांबतं. आमच्या वाडवडिलांनी राब भाजला तो अज्ञानाने नव्हे. भाजल्याने तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आता डोंगरांवर तेवढी झाडी नाही आणि कवळ आणायला माणूसही नाही. या तंत्रात तणनाशकावर फार भिस्त आहे, ही मला खटकणारी बाजू; तिची चर्चा इथे व्हावी.

गादीवाफ्यावर मिथेन घटतो, पण युरिया मुठीने फोकला तर नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो, आणि तो सुमारे 270 पट तापवणारा. इथे डॉ. नारायण सावंत यांची भातशेतीची चारसूत्री आठवावी लागते. तिच्यातलं एक सूत्र म्हणजे युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध खोल खोचणं. पावसात खत वाहून जात नाही, थोड्या खतात पीक जास्त येतं. नत्राचा ऱ्हास रोखणारी ही युक्ती कोकणातल्या शेतकऱ्याने वापरली तेव्हा कार्बनचं नावही कुणी घेत नव्हतं.

माझं मत यातूनच बनलं आहे. कार्बन वाचतो म्हणून कोकणातला शेतकरी पद्धत बदलणार नाही. गडी वाचतो, खत वाचतं, म्हणून बदलेल. शास्त्रज्ञांनी शिफारशी याच भाषेत कराव्यात.

आता झाडांबद्दल. 1990 पासून रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून उघड्या डोंगरांवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली, हे मोठंच काम झालं. पण जंगल साफ करून कलमं लावली तर ती जमेची बाजू कशी म्हणायची? आपल्या जिल्ह्यात सरकारी जंगल नाममात्र, बहुतेक झाडी खासगी मालकीची. घरातलं लग्न किंवा आजारपण निघालं की मालक डोंगर तोडायला देतो, लाकडाच्या गाड्या भरतात, आणि उरलेलं उन्हाळ्यात वणव्यात जातं. त्याला दोष देऊन भागत नाही. उभ्या झाडाचा त्याला एक पैसा मिळत नाही.

झाडं राखण्याचा मोबदला नाही, हवामानाचा फटका मात्र आपण पुरता खाल्ला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या आंबा, नारळ, पोफळीच्या बागा झोपवल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, जुलैत चिपळूण बुडालं. एक नारळ धरायला सहा-सात वर्षं लागतात.

मोबदल्याची एक वाट आता दिसू लागली आहे. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीसाठी स्वैच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा जाहीर केला. चांगलं झालं. पण आमच्या सातबाऱ्यावर एका गुंठ्याला डझनभर नावं. निम्मी मुंबईत, काही परलोकात. सही करायची कुणी आणि पैसे द्यायचे कुणाला? हे सुटल्याशिवाय तो बाजार घाटावरच थांबेल, कोकणात उतरणार नाही.

म्हणून परिषदेला माझी एकच विनंती आहे. सामाईक सातबाऱ्याच्या छोट्या खातेदारांना वाडीच्या गटाने या बाजारात येता यावं, आणि खासगी जंगल राखणाऱ्याला दर वर्षी मोबदला मिळावा, असा ठराव करून आपण तो शासनाकडे पाठवावा. मसुदा लिहायला आम्ही रत्नागिरीकर आज रात्री आपल्याबरोबर बसू.