तुकडा काढल्यानंतरचे दिवस
(सूस येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



हा विषय सभेत नको, असे मला दोघींनी सुचवले. तरी बोलते. गेल्या वर्षी माझ्या पिशवीच्या तोंडाचा तुकडा तपासायला काढला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिले, व्हिनेगरसारखे पाणी लावले, जिथे पांढरा डाग उमटला तिथून तांदळाएवढा तुकडा घेतला. चिमटा बसल्यासारखे झाले, इतकेच. पण पुढे काय होईल हे कोणी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट अंगावरून गेले आणि मी कोणाला न सांगता रात्रभर जागी राहिले.

ते औषध होते! रक्त थांबावे म्हणून जखमेवर लोहाचे औषध लावतात, तेच रक्तात मिसळून काळे होऊन बाहेर पडते. एक-दोन दिवस पाळीसारखी कळ, काही दिवस, कधी आठवडाभर थोडे डाग, हे नेहमीचे आहे. साधा पॅड वापरावा, आत काही घालू नये, आतून धुऊ नये. हंडा आणि भारा दोन दिवस घरातल्या दुसऱ्याने उचलावा. नवऱ्यानेही आठवडाभर, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस, दूर राहावे. हे त्याला सांगायची लाज वाटत असेल तर डॉक्टरांना सांगायला लावा. शंकूसारखा मोठा तुकडा काढला असेल तर हे सारे आठवड्यांवर जाते.

मात्र तासाभरात पॅड पूर्ण भिजला, मोठ्या गाठी पडल्या, ताप १००.४ च्या वर गेला, घाण वास येऊ लागला किंवा कळ वाढतच गेली, तर सकाळची वाट पाहू नका. अशा वेळी "विटाळ आहे, बाहेर कशी जाऊ" म्हणणाऱ्या बाईचे मी ऐकणार नाही.

लोखंड लागले की कॅन्सर पसरतो, असे आपल्याकडे म्हणतात. या तपासणीने तो पसरत नाही. उलट उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ ते २००३ मध्ये ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांना घेऊन मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल त्यात होते. २००९ साली निष्कर्ष आले. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. त्या बायाही तुमच्या-माझ्यासारख्या, खेड्यातल्याच. दोष सापडलेल्यांना दुर्बिणीखाली बसावेच लागले, गरज पडली तिथे तुकडाही द्यावा लागला.

रिपोर्ट येण्याआधी "पिशवीच काढून टाका" म्हणणारे भेटतील. थांबा. कॅन्सरच्या आधीचे बदल बहुधा पिशवी न काढता बरे करता येतात.

माझा रिपोर्ट बाराव्या दिवशी आला. सौम्य बदल, वर्षाने पुन्हा तपासणी. ती पुढच्या महिन्यात आहे, मी जाणार आहे. कोणाला सोबत यायचे असेल, किंवा चारचौघांत विचारता येत नसेल, तर जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसले आहे.