जमीन, दलाल आणि आपला हक्क



"धर्म बदलला, आता वतनाची जमीन तुमच्याकडे टिकावयाची नाही, मिळेल त्या किमतीस देऊन मोकळे व्हा," असे कोणी दलाल सांगू लागला, तर ते धादांत असत्य आहे असे समजा. वतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली आणि जमिनी कब्जेदारांना पुन्हा देण्यात आल्या. तो हक्क धर्मांतराने जात नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले व १९३७ साली खोती नष्ट करण्याचे. त्या लढ्याचे फळ विसाराच्या चार नोटांवर घालवावयाचे काय?

मात्र अशा जमिनीवर एक अट आहे. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्यावाचून आणि शासनाची रक्कम भरल्यावाचून ती विकता येत नाही. "परवानगीचे मागाहून पाहू, तूर्त कुलमुखत्यारपत्र द्या," असे म्हणणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. केवळ मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. पण त्या कागदाने उभा राहणारा तंटा नातवंडांपर्यंत पुरतो.

अटल सेतू २०२४ साली खुला झाल्यापासून पेण मुंबईस अधिक जवळ आले आहे. घर वा प्लॉट घेणाऱ्यांनी दलालाचा महारेरा नोंदणी क्रमांक मागावा. नोंदणीकृत प्रकल्पातील विक्री बिननोंदणी दलालास करता येत नाही. साध्या शेतजमिनीच्या व्यवहारास मात्र ही नोंदणी लागत नाही. तेथे राखणदार आपणच. शिवाय शेतकरी नसलेल्यास शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही, हे मुंबईत वाढलेल्या आपल्या तरुणांस बहुधा ठाऊक नसते.

सगळेच दलाल लुटारू असतात, असे मी म्हणणार नाही. भगवंतांनी उपासकास वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत, शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांत, दलाली नाही. खोटे बोलणे मात्र चौथ्या शीलाने वर्ज्य आहे. चांगला दलाल स्वतःहून सांगतो की पेणच्या खारेपाटात बांध फुटला की भरतीचे पाणी शेतात शिरते, किंवा रोह्याकडील अमुक तुकड्यास जावयास वाटच नाही. त्याला त्याची दलाली आनंदाने द्यावी. ती किती, हे आधी लिहून घ्यावे. पैसा धनादेशाने द्यावा, आणि सातबारा व फेरफार त्याच्या हातून न घेता स्वतः काढावेत.

आणखी एक. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. भावांनी परस्पर सह्या करून बहिणीचा हिस्सा विकला जात नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाण्यापूर्वी तिला सासरहून बोलावून घ्या, आणि कागद तिच्यासमोर वाचा.