विज्ञानशिक्षक व्हावें तें कशासाठीं?



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं, विज्ञान शिकविण्याची इच्छा धरणाऱ्या तरुणांशीं आम्ही दोन शब्द बोलूं इच्छितों. बोईसरास विज्ञानाच्या पदवीधरास कारखान्याची वाट जवळची आहे. मग त्यानें शाळेकडे कां वळावें? दुसरी नोकरी मिळेना, एवढ्याच कारणानें वळणाऱ्यास हें कार्य लवकरच जड होईल.

मठवासी धर्मगुरु ग्रेगोर मेंडेल शिक्षकाच्या परीक्षेंत १८५० सालीं अनुत्तीर्ण झाले; १८५६ सालींही त्यांस यश आलें नाहीं. तरी १८५४ पासून १८६८ पर्यंत ते ब्रनोच्या शाळेंत पदार्थविज्ञान शिकवीत राहिले, आणि त्याच काळांत मठाच्या बागेंत वाटाण्यांवर प्रयोग करून त्यांनीं आनुवंशिकतेचे नियम शोधिले. शिकविणें व शोधणें हीं त्यांस निराळीं नव्हतीं.

आपल्या शेजारीं तारापुरास १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. अणूच्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते व ती वाफ चक्र फिरवून वीज देते, हें कोळी व वारली बंधूंच्या मुलांस चुलीवरील आधणावरून उकलून सांगणारा गुरु येथें हवा. "असें कां?" हा मुलाचा प्रश्न ऐकून ज्यास आनंद होतो, त्यास हें पाचारण आहे असें आम्ही मानितों. परमेश्वर त्यास धीर देवो!