खापरांचा सहवास

सिलतरा हे रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावरील गाव. आज ते लोखंडाच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. तेथील भट्टीवर माझी बावीस वर्षे गेली. भट्टीच्या घरघरीत शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तर ओरडावे लागे. म्हणून कामापुरते बोलावे व एरव्ही गप्प राहावे, अशी सवय जडली. निवृत्त झालो तेव्हा ध्यानात आले की, ओळखीची माणसे पुष्कळ आहेत. पण ज्याच्या ओसरीवर सहज जाऊन बसावे असा स्नेही एकही नाही.

अशा वेळी एका परिचिताने मला रायपुरातील पुराणवस्तूंच्या एका प्रयोगशाळेत नेले. उत्खननातून आलेल्या खापरांची पोती तेथे साचली होती आणि ती धुण्यास हात हवे होते. वेतन नाही, हजेरीही नाही. आठवड्यातून दोन दिवस मी जाऊ लागलो.

काम साधे. खापरे पाण्यात भिजवावी, मऊ कुंचल्याने माती काढावी, सावलीत वाळवावी. प्रत्येक थराची खापरे त्याच्या चिठ्ठीसह निराळी ठेवावयाची. चिठ्ठी हरवली की खापराचे ठिकाणही हरवले आणि काळही. मग काठ, बूड, अंग असे भाग वेगळे करून आतल्या बाजूस बारीक अक्षरांत क्रमांक घालावयाचा. या कामाला घाई मानवत नाही. जी खापरे शेकडो वर्षे मातीत पडून होती, त्यांना आणखी एक दुपार जड नसते. ही गोष्ट उमगली आणि माझ्या मनाचीही धावपळ थांबली.

तेथे माझ्यासमोर एक वृद्ध गृहस्थ बसत. कुंभाराच्या घरात जन्मलेले. सारे त्यांना ‘कका’ म्हणत. मीही म्हणू लागलो. पहिला महिनाभर आम्ही फारसे बोललो नाही. एके दिवशी त्यांनी एका खापराच्या आतील खळगे मला दाखविले. मडके बाहेरून लाकडी थापीने ठोकताना आतून दगडी गोळा धरावा लागतो. हे खळगे त्या गोळ्याचे, असे त्यांनी आपल्या छत्तीसगढीत सांगितले. मी त्याच खापराची तुटलेली कड त्यांच्यापुढे धरली. दोन्ही बाजू तांबड्या, मधली रेघ काळी. भाजताना हवा कमी पडली, किंवा ताव पुरेसा वेळ टिकला नाही, की गाभा असा काळा राहतो. हवा आणि ताव यांत तर माझा जन्म गेला होता! बोटभर तुकड्यावर आमच्या दोघांच्या विद्या भेटल्या, आणि त्या दिवसापासून कका घरी येऊ लागले.

पुढे आम्ही दोघे महानदीकाठच्या सिरपूरला गेलो. १९५३ ते १९५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेथे उत्खनन करून बौद्ध विहार उजेडात आणले. दीक्षित हे मण्यांचे व काचेचे मोठे अभ्यासक. विहारासारखी भव्य वास्तू आणि डाळीच्या दाण्याएवढा मणी, दोन्हींकडे त्यांनी सारख्याच आदराने पाहिले. त्या विहारात उभे असताना मला हे विशेष जाणवले.

परतताना ककांनी वाटेवरचे एक खापर उचलले, न्याहाळले आणि होते तेथेच परत ठेवले. “त्याचे घर तेच,” ते म्हणाले.

मला आता वाटते, मैत्रीसाठी फार बोलावे लागतेच असे नाही. दोघांनी मिळून एखाद्या लहानशा वस्तूकडे मन लावून पाहिले, तरी ती जुळते.