केंद्र बघायला जाल तेव्हा…

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पाळणाघर कुठलं चांगलं, शाळा कुठली चांगली, यावर जिन्यात उभं राहून तास-तासभर बोलायचो. आता आपलीच वयं झाली. पण म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या केंद्राचा विषय निघाला की आवाज खाली येतो. आमचे हे गेल्या वर्षापासून अशा एका केंद्रात आहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याआधी मी आणि माझ्या मुलीने सात केंद्रं पाहिली. त्यातून जे कळलं तेवढंच आज सांगणार आहे.

आधी आपल्याला नक्की काय हवंय ते ठरवा. ज्यांना स्वतःची आंघोळ, जेवण, औषधं जमतात त्यांच्यासाठी साधा वृद्धाश्रम पुरतो. ज्यांना नाकात नळी आहे, लघवीची पिशवी आहे, अर्धांगवायूने अंथरूण धरलंय, त्यांना चोवीस तास शिकलेली नर्स लागते. आणि स्मृतिभ्रंशाचं माणूस वेगळंच. पाय धडधाकट असतात, पण घरचा रस्ता आठवत नाही. गॅस चालू राहतो. त्यांना डोळ्यात तेल घालून बघणारं कोणीतरी लागतं. आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभरांत साधारण सात जणांना हा त्रास असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. एका घरापुरता हा प्रश्न उरलेला नाही.

केंद्र बघायला एकदा ठरवून जा आणि एकदा न सांगता जा. न सांगता जाल ते संध्याकाळी. स्मृतिभ्रंशाच्या माणसांची अस्वस्थता दिवस कलताना वाढते, "घरी जायचंय" सुरू होतं, आणि नेमकी त्याच वेळी पाळी बदलत असते. तेव्हा तिथली माणसं कशी बोलतात ते बघा. आम्ही एका ठिकाणी असेच गेलो, तर दोन आज्या ओढणीने खुर्चीला बांधलेल्या. विचारलं तर म्हणाले, "पडू नयेत म्हणून." बाहेर बाग सुरेख होती, गणपतीची मूर्ती होती, स्वागताला चहा होता. आम्ही चहा न घेता निघालो.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : "माणूस चिडलं, मारायला उठलं, तर तुम्ही काय करता?" जवळ बसतो, फिरवून आणतो, कुठे दुखतंय का, लघवी तुंबली आहे का ते बघतो, असं उत्तर आलं तर पुढे बोला. "गोळी देतो, झोपतात" एवढंच उत्तर असेल तर सावध व्हा. झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांनी तोल जातो, माणूस पडतं, जेवण कमी होतं. असं औषध घरच्यांना विचारून, डॉक्टरांनी लिहून दिलं तरच द्यायचं, हे आधी बोलून घ्या.

दुसरा प्रश्न, रात्री किती माणसं असतात? दिवसाचा आकडा सगळेच सांगतात. त्यातली नर्सिंग शिकलेली किती आणि मावशी-मामा किती, हेही विचारा. मावशी मनापासून करतात, पण इन्सुलिन देणं किंवा नाकातली नळी सांभाळणं हे शिकलेल्या माणसाचंच काम.

तिसरा, अंथरुणावरच्या माणसाची कूस किती वेळाने बदलता? साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. त्याची लेखी नोंद ठेवतात का, ती वही मागा. कोण पडलं, कधी पडलं, घरी कधी कळवलं, याचीही वही असते. ती दाखवायला खळखळ करणाऱ्यांपासून लांब राहा.

मग डोळ्यांनी आणि नाकाने तपासा. संडासात धरायला दांडी आहे का? फरशी निसरडी आहे का? खोलीत लघवीचा वास कोंडलाय का? भरवणारी मावशी शेजारी बसून भरवते, की उभ्याने घास कोंबते? आणि आपली भाषा बोलणारं कुणी आहे का? स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेल्या भाषा बऱ्याचदा आधी सुटतात. ह्यांनी आयुष्यभर ऑफिसात इंग्रजी लिहिलं. आता मराठीतच बोलतात, तेही लहानपणचं.

पैशांचं सगळं कागदावर घ्या. महिन्याच्या रकमेत डायपर, औषधं, फिजिओथेरपी येतात की वेगळी? डिपॉझिट किती दिवसांत परत? हॉस्पिटलात न्यावं लागलं तर कुठे नेणार, सोबत कोण थांबणार आणि त्या दिवसांचे पैसे लागणार का? करारावर लगेच सही करू नका, घरी आणून वाचा.

आता मनातलं. "घरात चार खोल्या असून नवऱ्याला बाहेर ठेवलं," हे माझ्या कानावर आलंय. आई-वडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडून देणं त्यात गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण वाऱ्यावर सोडणं वेगळं आणि नीट पारखून जाणत्या हातांत देऊन दर आठवड्याला जाऊन बसणं वेगळं. वर्षभर रात्री जागून मी स्वतः आजारी पडले असते, तर दोघांना कोण बघणार होतं? ज्यांना घरी जमतं त्यांनी जरूर घरी करावं. ज्यांना जमत नाही त्यांनी मान खाली घालू नये. कुणाला विचारायचं सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

शेवटी सोसायटीला एक विनंती. आपल्यातलं कुणी अशा केंद्रात असेल तर भेटायला जा. ओळखणार नाहीत, तरी जा. ज्या माणसाकडे चार जण येतात त्याच्याकडे तिथलं लक्षही जास्त राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या ह्यांना भेटायची वेळ संध्याकाळी चार ते सहा. फिरायला निघणाऱ्या मंडळींनी महिन्यातून एकदा तिकडे पाय वळवावेत. पत्ता माझ्याकडे आहे, बेल वाजवा.