करार केव्हा निर्बल होतो?
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, खापरखेडा येथे दिलेले भाषण)



मी वकील नव्हे. आयुष्यभर मराठी आणि गणित शिकविले. परंतु गावात शिक्षक म्हटला की लोक कागद वाचावयास घेऊन येतात. त्या अनुभवातून एक गोष्ट ध्यानी आली. कोणत्याही कराराविषयी आपण एकच शब्द उच्चारतो, ‘कागद बाद झाला’. कायदा मात्र बाद होण्याचे निरनिराळे प्रकार मानतो, आणि ते न ओळखल्यामुळे घरेदारे जातात.

सन 1872 चा भारतीय करार कायदा आजही चालू आहे. त्यात पहिला प्रकार ‘शून्य’ कराराचा, म्हणजे ज्यात कायद्याच्या दृष्टीने मुळीच प्राण नाही असा. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने आपली घरे गहाण टाकली होती. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, अज्ञानाचा करार मुळातच शून्य होय. सावकाराचा पैसाही त्यास परत मिळाला नाही. तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाची सही घेऊन कोणी व्यवहार करीत असेल, तर तो वाळूवर भिंत बांधीत आहे.

दुसरा प्रकार ‘शून्यकरणीय’. फसवणूक, धाकदपटशा किंवा गैरवाजवी दडपण यांनी सही घेतली असेल, तर तो करार मोडण्याचा अधिकार फसलेल्या पक्षास असतो. पण तो मोडीपर्यंत करार उभाच राहतो! ‘फसवून घेतलेली सही, तिला काय किंमत?’ असे म्हणून स्वस्थ बसणारा मनुष्य येथेच बुडतो. फसवणूक कळल्यावरही जो त्या कराराचा लाभ घेत राहतो, त्यास पुढे तक्रारीस जागा उरत नाही. आणि करार मोडला, तर त्यापोटी जे घेतले ते परत करावे लागते, हेही विसरू नये.

तिसरा प्रकार कलम 56 चा : करार झाल्यावर तो पाळणे अशक्य होणे. आपले गाव कोळशावर आणि विजेवर जगते, म्हणून येथील उदाहरण देतो. इंडोनेशियाने कोळशाचे भाव वाढविले, तेव्हा मुंद्रा येथील वीज कंपन्यांनी या कलमाचाही आधार घेतला. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माल महाग झाला म्हणून करार संपत नाही. महाग आणि अशक्य यांत फरक आहे. घर बांधून देण्याचा ठेका घेतल्यावर सिमेंट महागले, एवढ्याने ठेका सुटत नाही, तो याच न्यायाने.

आता मुदतीविषयी, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. हातउसन्या रकमेच्या दाव्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत आहे. ती सरली की कर्ज मेले असे लोक समजतात. कर्ज मरत नाही. कोर्टाचे दार मात्र बंद होते. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी कर्ज कबूल केले, तर मुदत नव्याने सुरू होते. संपल्यानंतरही ‘मी फेडीन’ असे सहीनिशी लिहून दिले, तर तो नवा, बंधनकारक करार ठरतो. ‘नुसती सही करा, हिशेबापुरती,’ असे कोणी गोडीने म्हणेल तेव्हा ही गोष्ट आठवावी.

या मुदतीचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच कडू झाला आहे. सन 1859 च्या कायद्याने साध्या कर्जरोख्यांच्या दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा, परिणाम उलटा. सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. जुना रोखा नव्यात विलीन होई, पण भार वाढतच जाई. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले, आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला. कागद जळाल्याने पुरावा जातो, कर्ज कायद्याने फिटत नाही. तथापि त्या धुराने सरकारचे डोळे उघडले. 1879 च्या दख्खन शेतकरी साह्य कायद्याने न्यायालयास रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली, व मुदतही वाढविली. मुदत आखूड केल्याने दुर्बळाचे भले होतेच असे नाही, हे सरकारला वीस वर्षांनी उमगले.

शेवटी एका जुन्या शब्दाकडे वळतो. ‘फारकत’ म्हटले की आज आपणांस केवळ काडीमोड आठवते; परंतु फारखत म्हणजे देणे चुकते झाल्याचे मुक्ततापत्र, असा तिचा अर्थ होता. पूर्वीचे लोक ते मागून घेत. आपण मात्र पैसे फेडतो आणि वचनचिठ्ठी धनकोच्याच पेटीत ठेवून येतो! फेड पूर्ण झाली की मूळ कागद परत घ्यावा, रकमेची सहीची पावती घ्यावी. जमिनीचे गहाण असल्यास गहाणफेडीची नोंद सातबाऱ्यावर झाली की नाही, ते तलाठ्याकडे स्वतः जाऊन पाहावे. मेळाव्यानंतर ज्यांना आपले कागद दाखवावयाचे असतील, त्यांच्यासाठी मी सायंकाळपर्यंत येथेच थांबणार आहे.